स्टेशनापासून घरापर्यंत

मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला ‘आपण राहता कोठे?’ असे विचारले असता तो जे उत्तर देतो, त्यात या शहराच्या जीवनाचे सारे मर्म साठवलेले असते. ‘डोंबिवली, पूर्व, स्टेशनपासून सात मिनिटं,’ असे तो सांगतो. रस्त्याचे नाव, इमारतीचे नाव, मजला हा तपशील मागाहून येतो, तोही कोणी आवर्जून विचारला तरच. आधी स्टेशन, मग रुळांची बाजू, मग पायी लागणारा वेळ, एवढे कळले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याचा दिनक्रम उभा राहतो. तो पहाटे किती वाजता उठत असेल, कोणती गाडी धरत असेल, त्याला दादरपर्यंत बसायला मिळत असेल की उभ्यानेच जावे लागत असेल, आणि रात्री तो उंबऱ्यात पाऊल टाकतो तेव्हा घरातली मुले जागी असतील की नसतील, हे सर्व त्या तीन गोष्टींवरून ओळखता येते. म्हणूनच या महानगराच्या आसपास जागा घ्यायला निघालेल्या गृहस्थाला मी जेव्हा जेव्हा पाहते, तेव्हा तेव्हा मला त्याच्याविषयी एक प्रकारची काळजी वाटू लागते. खरेदीखतावर तो सही करतो ती चार भिंतींच्या मालकीसाठी. परंतु त्याच सहीने आपल्या पुढील वीस-तीस वर्षांतील प्रत्येक सकाळ आणि प्रत्येक संध्याकाळ त्याने कोणाच्या तरी हवाली केलेली असते.

हा लोहमार्ग मुळात चाकरमान्यांसाठी टाकलेलाच नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले, आणि १८६३ साली बोरघाट व १८६५ साली थळघाट चढून ते देशावर गेले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची नजर होती ती वऱ्हाड-खानदेशातील कापूस बंदरापर्यंत आणण्यावर; वाटेवरील गावांतल्या कारकुनाच्या सोयीचा विचार त्या आराखड्यात कोठेही नव्हता. पश्चिमेकडील बी. बी. सी. आय. कंपनीचा मार्गही गुजरातच्या व्यापाराकडे तोंड करूनच आखलेला होता. त्या मार्गावर विरारहून मुंबईला रोज एक गाडी सुरू झाली ती १८६७ च्या एप्रिलमध्ये. खरा पालट घडवला तो विजेने. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी धावली आणि १९२८ च्या जानेवारीत बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या जाऊ लागल्या. वाफेच्या इंजिनाला थांबल्यावर पुन्हा वेग घेण्यास फार अवधी लागे. विजेची गाडी क्षणात गती घेई आणि क्षणात थांबे, त्यामुळे मैल-दीड मैलावर स्टेशन असूनही वेळ राखता येऊ लागली आणि एकीमागून दुसरी गाडी सोडणे शक्य झाले. ज्या गावातून माणूस आठवड्यातून एकदा मुंबईला जाई, तेथून तो रोज जाऊ लागला तो या कारणाने.

तथापि रूळ आहेत म्हणून कोणी शहर सोडत नाही. सोडण्यासाठी शहरातही काही निमित्त घडावे लागते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूचे संरक्षण हा त्या कायद्याचा हेतू सर्वस्वी स्तुत्य होता. परंतु भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही, रिकाम्या खोलीला पागडी मागण्याची वहिवाट पडली, आणि ज्याच्या गाठीशी रोख रक्कम नाही अशा पगारदाराला शहराच्या हद्दीत बिऱ्हाड मिळणे दुरापास्त झाले. माझ्या वडिलांनी गिरगावातील चाळीतली खोली सोडली ती याच सुमारास. एका खोलीत दोन भावांचे संसार होते, मुले वाढत होती, आणि पागडीसाठी लागणारी रक्कम त्यांच्या वर्षाच्या पगारात मावत नव्हती. त्या काळचे डोंबिवली म्हणजे स्टेशनजवळची थोडी वस्ती आणि तिच्या पलीकडे भाताची शेते. आजीला ते मुळीच रुचले नव्हते. ‘मुंबई सोडून रानात निघालास,’ असे ती वडिलांना म्हणाली होती. वडिलांनी वाद घातला नाही. घराला विहीर आहे, अंगण आहे, शाळा हाकेच्या अंतरावर आहे, एवढेच त्यांनी तिला सांगितले. पुढे बऱ्याच वर्षांनी मला उमगले की त्यांनी जी जागा निवडली, ती स्वतःसाठी निवडलीच नव्हती. दिवसभर घरी राहणार होतो आम्ही. आमच्यासाठी त्यांनी अंगण आणि विहीर घेतली, आणि त्यांची किंमत आपल्या प्रवासातून चुकती केली. दिवसाउजेडी ते आम्हांला दिसत ते रविवारी.

आता त्या काळाइतके सोपे काही राहिलेले नाही. जागा शोधणारा माणूस प्रथम किलोमीटर मोजतो. बोरीबंदराहून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४, बदलापूर ६८, कर्जत १००, कसारा १२१. पश्चिमेला चर्चगेटहून बोरिवली ३४, विरार ६० आणि डहाणू १२४. अंतर वाढते तसे जागेचे भाव उतरतात, आणि रेल्वेचा मासिक पास इतका स्वस्त आहे की दुप्पट अंतरावर राहायला गेलो तरी पासाची वाढ घरखर्चात जाणवत नाही. कागदावर पाहता माणसाने जितके दूर जावे तितका त्याचा लाभच होतो. परंतु या मार्गावर रोज ये-जा करणाऱ्याला ठाऊक असते की दिवस ठरतो तो अंतरावर नव्हे, गाडी सुटते कोठून त्यावर. जी गाडी आपल्याच स्टेशनात सुरू होते, तीत बसायला जागा मिळते. जी मागून भरून येते, तीत पाय ठेवण्याचीही मारामार असते. त्यामुळे अंबरनाथ, बदलापूर किंवा टिटवाळ्याहून सुटणाऱ्या गाडीत बसलेला प्रवासी वर्तमानपत्र वाचत, क्वचित डुलकी घेत शहरात पोहोचतो, आणि त्याच्याहून पुष्कळ जवळ, दिव्याला किंवा कळव्याला राहणारा माणूस डोळ्यांदेखत तुडुंब भरलेल्या गाड्या जाताना पाहत फलाटावर तिष्ठत राहतो. नालासोपाऱ्याची कितीतरी माणसे सकाळी आधी उलट दिशेने विरारला जातात आणि तीच गाडी फिरून चर्चगेटकडे निघाली की मिळवलेल्या जागेवर बसून येतात. विरारच्या जलद गाडीत बोरिवलीपुरते चढणाऱ्याला संध्याकाळी दारापर्यंत पोहोचणे मुश्कील होते, हेही त्या मार्गावरच्या लहान मुलाला माहीत असते. पुन्हा कल्याणला मार्ग दुभंगतो; एक फाटा कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे जातो. कल्याणपर्यंत एक गाडी चुकली तर चार-पाच मिनिटांत दुसरी येते. आटगाव-खर्डीच्या माणसाची गाडी चुकली, तर पुढचा अर्धा-पाऊण तास त्याला फलाटावरच काढावा लागतो. हे सारे वेळापत्रकात छापलेले असते. पण जागा दाखवणारा दलाल वेळापत्रक दाखवत नाही.

गर्दीचा हा विचार सुखसोयीचा विचार आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी फलाटाच्या टोकाशी काही वेळ उभे राहून पाहावे. गाडी सुटते तेव्हा दारातल्या दांड्याला एका हाताने धरलेला, एक पाय आत आणि एक बाहेर असा कोवळ्या वयाचा मुलगा दिसतो. त्याच्या पाठीवरची पिशवी वाऱ्यावर आपटत असते, आणि फलाट संपल्यावर त्याच्या टाचेखाली काहीही उरत नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर अशाच दारांत उभे असलेले प्रवासी दोन चालत्या गाड्यांतून रुळांवर पडले आणि त्यांतील काही जण प्राणास मुकले. त्या दिवशी वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती दारांची, वळणाची आणि डब्यांच्या रचनेची, आणि ती होणे रास्तच होते. मला मात्र वाटत राहिले की त्या प्रत्येकाच्या घरी कधीतरी जागेचा विचार झाला असेल. भाव, हप्ता, अंतर हे सर्व कोणीतरी मांडून पाहिले असेल, आणि त्या हिशेबात ‘आत पाऊल ठेवायला मिळेल का?’ हा रकाना कोणी घातला नसेल. म्हणून मी आता कोणालाही पहिली गोष्ट सांगते ती हीच: दहा मिनिटे अधिक लागोत, भाडे थोडे चढे असो, पण ज्या स्टेशनात गाडीच्या आत उभे राहता येते तेच स्टेशन निवडावे.

गेल्या वर्षी माझा भाचा सपत्नीक सल्ला विचारायला आला होता. तो साताऱ्याचा, त्याची बायको सांगलीची. त्याची कचेरी फोर्टात आणि तिची अंधेरीला. ‘मावशी, तूच सांग, जागा घ्यायची तर कुठे घ्यावी?’ असे म्हणून त्याने एक आखलेला कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर स्टेशनांची नावे, जागेचा भाव, कर्जाचा हप्ता आणि प्रवासाची मिनिटे असे रकाने होते, आणि त्याच्या सुरेख अक्षरात प्रत्येक रकाना भरलेला होता. मिनिटांचा रकाना एकच पाहून मी भाचेसुनेला विचारले, ‘यातली तुझी मिनिटं कोणती?’ ती संकोचून म्हणाली, ‘मावशी, ती नंतर बघू म्हणालो आम्ही.’ आजकाल पुष्कळ घरांतून हेच होते. दोघांच्या कचेऱ्या दोन मार्गांवर असतात, जागा मात्र एकाच मार्गावर पाहिली जाते, आणि दादरला गाडी बदलण्याचा रोजचा भार जिच्या वाट्याला येतो तिच्या प्रवासाला कागदावर रकानाच नसतो. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून मध्य मार्गावरच्या माणसाला अंधेरी गाठण्यासाठी दादरचा पूल चढावा लागत नाही. एका आडव्या मार्गाने हजारो संसारांचे गणित पालटून टाकले. त्यामुळे मी त्यांना म्हटले, ‘आधी या कागदावर दुसरा रकाना आखा. ज्याचा प्रवास मोठा, त्याच्या अंगावर घरचं काम कमी, एवढं दोघांनी आधी ठरवा, आणि मग गावांची नावं लिहा.’

स्त्रीच्या वेळेचा हा मुद्दा मी अधिक आस्थेने मांडते, कारण नोकरीची सारी वर्षे मी महिलांच्या डब्यातून प्रवास केला आहे. सायंकाळची गाडी घाटकोपरच्या पुढे आली आणि थोडी गर्दी निवळली की एखादी बाई मांडीवर वर्तमानपत्र पसरते, पिशवीतून मेथीची जुडी काढते, आणि बोटांना सवय झालेल्या वेगाने पाने खुडू लागते. देठ एका बाजूला, पाने एका बाजूला. समोरची बाई न विचारताच अर्धी जुडी आपल्याकडे ओढून घेते. ठाणे येईपर्यंत भाजी निवडून होते, देठांचा कागद गुंडाळून पिशवीत जातो, आणि कोणी गवारीला हात घालते. डब्यातल्या या सख्यत्वाचे कौतुक मीही पुष्कळ केले आहे. नवरात्रात डब्यात होणारी आरती, संक्रांतीचे वाण, एकमेकींच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी, या गोष्टींनी माझ्यासारख्या अनेकींना बळ दिले. परंतु स्वयंपाकघरातील काम आगगाडीत येते ते घरातल्या तासांत त्याला जागा उरली नाही म्हणून, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेने केवळ स्त्रियांसाठी म्हणून स्वतंत्र गाडी सोडली, तेव्हा तिचे जे स्वागत झाले त्यामागे ही निकड होती. गृहिणी नोकरी करणारी असेल तर घराचा निर्णय तिच्या परतीच्या गाडीपासून सुरू झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची आणि पावसाची. जागा पाहायला लोक रविवारी दुपारी जातात, हिवाळ्यात जातात, आणि त्या प्रसन्न उन्हात सर्वच इमारती सारख्या दिसतात. वस्तुतः जागा पाहावी ती आषाढात, कामाच्या दिवशी, संध्याकाळच्या गाडीने उतरून. नळाला पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो की काय, ही चौकशी विकणाऱ्याकडे न करता त्याच इमारतीत पहाटे उठून बादल्या भरणाऱ्या बाईकडे करावी. पाणी पहाटे साडेचारला येत असेल तर त्या घराचा दिवस साडेचारला सुरू होतो, मग गाडी कितीही उशिराची असो. आणि पावसाळ्यात त्या गावाची नदी-खाडी कोठवर चढते हे पाहिल्याविना दस्तऐवज करू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अवघे शहर जागच्या जागी थांबले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली आणि सुमारे हजार प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले. नदीने ज्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या पाणी पसरले, तीच शेते बिनशेती होऊन त्यांवर आज इमारती उभ्या आहेत. गावातल्या जुन्या शेतकऱ्याला पूररेषा विचारली तर तो भिंतीवर हाताने दाखवतो, आणि त्याचे सांगणे सहसा खोटे ठरत नाही.

हे सर्व पाहून झाल्यावर मी आणखी एक गोष्ट पाहायला सांगते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे: स्टेशनापासून घरापर्यंतचा रस्ता. रोज प्रवास करणाऱ्या माणसाला आपल्या गावाची ओळख होते ती जवळजवळ सर्वस्वी या एका रस्त्याने. पहाटे तो त्या रस्त्याने जातो, रात्री त्याच रस्त्याने येतो; गावाचा उरलेला भाग त्याच्यापुरता जणू नकाशावरच असतो. मी डोंबिवलीच्या पूर्वेला राहते, आणि माझा रस्ता म्हणजे फडके रोड. पूल उतरून खाली आले की आधी फुलवालीची टोपली लागते. अबोलीचे गजरे ती ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते, आणि आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाची गाडी उशिरा आहे असे कळले तर एक गजरा काढून बाजूला ठेवते. पुढे पोळी-भाजीचे दुकान, जेथे कचेरीतून परतणाऱ्या बायका पोळ्या मोजून घेताना एकमेकींना मुलांच्या तापाची हकीकत सांगतात. मग पुस्तकांचे दुकान, मग चपला शिवणारा, आणि रस्त्याच्या टोकाला गणेशमंदिर. देवळाच्या पायरीशी चप्पल न काढताच क्षणभर हात जोडून पुढे जाणारी माणसे रात्री नऊनंतरही थांबत नाहीत. दिवाळीच्या पहाटे याच रस्त्यावर सारे तरुण डोंबिवली लोटते. कचेरीत ज्या दिवशी मनाविरुद्ध काही घडलेले असे, त्या दिवशीही या वाटेवर चार जणांशी बोलून मी घरी पोहोचत असे ती गावातली एक बाई म्हणून, थकलेली नोकरदार म्हणून नव्हे. उलट जेथे स्टेशनाबाहेर पडताच शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागते, अंधारातून पंधरा-वीस मिनिटे धक्के खात एखाद्या मोठ्या संकुलाच्या फाटकाशी उतरावे लागते, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याखेरीज कोणी ओळखीचे भेटत नाही, तेथे जागा प्रशस्त असली, हवा स्वच्छ असली, तरी माणूस त्या गावाचा व्हायला फार वर्षे लागतात. कित्येकदा तो होतच नाही.

आणि गावाचा होणे ही मोठी गोष्ट आहे. या लोहमार्गावरील ज्या गावांना आज काही तेज आहे, त्यांचा इतिहास पाहिला तर ते तेज रुळांनी आणलेले नाही असे दिसते. आगगाडी कल्याणला आली त्यानंतर दहा वर्षांनी, १८६४ साली, तेथे सार्वजनिक वाचनालय निघाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे; त्याच्या स्थापनेत ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांचा हात होता. विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. डोंबिवलीत पु. भा. भावे राहिले, शं. ना. नवरे राहिले, १९९९ साली गणेशमंदिर संस्थानाने गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा सुरू केली आणि ती पाहता पाहता गावोगाव पसरली. या संस्थांच्या सभांची इतिवृत्ते चाळली तर त्यांवर सह्या करणाऱ्यांत पुष्कळ जण दिवसा मुंबईच्या कचेऱ्यांत खुर्चीवर बसणारे आढळतात. सातच्या गाडीने उतरून, हात-पाय धुऊन, ते आठ वाजता वाचनालयाच्या बैठकीला हजर होत. त्यांनी शाळा काढल्या, व्याख्यानमाला चालवल्या, रेल्वेकडे अर्ज-विनंत्या करून फलाट लांबवून घेतले, एखादी गाडी वाढवून घेतली. रात्री झोपण्यापुरते जे गावात येतात त्यांच्यासाठी कोणी काही उभारत नाही. परत आल्यावर जे तासभर गावाला देतात त्यांच्या श्रमांतून गाव उभे राहते. म्हणून जागा पाहताना त्या गावात एखादे वाचनालय आहे का, नाटक होते का, मुलांना खेळायला मैदान राखले आहे का, हे जसे पाहावे, तसेच आपण त्या गावासाठी काय करू शकू हेही मनाशी विचारावे. ज्या गावासाठी काही करावेसे वाटणार नाही, तेथे घर स्वस्त मिळाले तरी ते महागच पडते.

हे लिहीत असताना मला याचेही भान आहे की असा विचार करण्याची मोकळीक सर्वांना नसते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर परळ-लालबागच्या चाळींतून जी कुटुंबे हळूहळू कल्याण-विरारच्या पलीकडे गेली, त्यांनी स्टेशन निवडले नाही. जेथे परवडले तेथे ती उतरली. आजही दिव्याच्या, नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीत राहणारी माणसे तेथे कोणत्या आवडीने गेलेली नाहीत. या शहराची सारी कामे ज्यांच्या हातांनी चालतात, त्यांना शहरापासून इतके दूर ढकलायचे आणि परत दारात लोंबकळत आणायचे, हा अन्याय आहे, आणि त्याचे निवारण करणे हे सरकारचे आणि रेल्वेचे कर्तव्य आहे. ज्याला निवड करता येते त्याने ती डोळसपणे करावी आणि ज्यांना ती करता येत नाही त्यांच्यासाठी प्रवासी संघटनेच्या अर्जावर सही करायला पुढे व्हावे. एवढे तरी आपल्याकडून घडलेच पाहिजे.

भाचा आणि भाचेसून यांनी शेवटी अंबरनाथला भाड्याने जागा घेतली. तेथून गाडी सुटते, घाटकोपरला उतरून तिला मेट्रो मिळते, आणि शके ९८२ मध्ये शिलाहारांनी बांधलेले शिवमंदिर फिरत जाण्याजोग्या अंतरावर आहे. खरेदीची घाई करू नका, असे मी त्यांना निक्षून सांगितले आहे. एक पावसाळा तेथे काढा, एक उन्हाळा काढा, तेथल्या वाचनालयाचे सभासद व्हा, रस्त्यावरच्या दुकानदारांची नावे माहीत करून घ्या. वर्षाच्या शेवटी दोघांनी मिळून एकच प्रश्न स्वतःला विचारावा: सुट्टीच्या दिवशी आपल्याला भाजीसाठी, नाटकासाठी, चार माणसांत बसण्यासाठी पुन्हा दादरची गाडी धरावीशी वाटते का? तसे वाटत असेल तर ते गाव आपले नाही, दुसरे शोधावे. रविवारची अख्खी सकाळ गेली आणि आगगाडीची आठवणही झाली नाही, असे ज्या गावात घडेल, तेथे खुशाल खरेदीखत करावे. मग ते चर्चगेटपासून ३४ किलोमीटरवर असो की १२४ वर.